उपग्रहाला अडवणारा ढग

दाभोशाचा धबधबा जुलैत पाहावा. जव्हारचे डोंगर ढगांत बुडालेले आणि लेंडी नदी तीनशे फुटांवरून कोसळणारी. तिथे उभं राहिलं की मला ३० ऑगस्ट १९८३ ची रात्र आठवते.

अमेरिकेत फ्लोरिडाच्या तळावर ‘चॅलेंजर’ अंतराळयान सज्ज होतं. त्याच्या पोटात आपला ‘इन्सॅट-१बी’. आदल्या वर्षी सोडलेला ‘इन्सॅट-१ए’ काही महिन्यांतच निकामी झाला होता, त्यामुळे सारी भिस्त या धाकट्या भावावर. मध्यरात्र उलटली आणि नेमकं आभाळ बिघडलं. विजेची भीती उगाच नव्हती. १९६९ मध्ये ‘अपोलो-१२’ वर उड्डाणानंतर मिनिटभरात दोनदा वीज पडली होती. ‘चॅलेंजर’चं उड्डाण १७ मिनिटं लांबलं. ढगांवर नजर ठेवायला निघालेल्या उपग्रहाला ढगांनीच अडवलं!

पुढे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून त्यानं टिपलेली ढगांची चित्रं आपण दूरदर्शनच्या बातम्यांत पाहिली. आज श्रीहरिकोट्याहून रॉकेट सोडतानाही उपग्रहांची चित्रं आणि रडार पाहूनच निर्णय होतो.

रॉकेटसाठी अंदाज हवा असतो तो एका जागेचा आणि ठरावीक वेळेचा. दाभोशाच्या शेतकऱ्यालाही नागलीच्या लावणीसाठी तसाच अंदाज हवा असतो. एका डोंगरावर पाऊस आणि शेजारचा कोरडा, हे इथे नेहमीचंच. तिथे जिल्ह्याचा अंदाज कितीसा पुरणार? यान थांबवता येतं, पण लावणीला आलेली रोपं थांबत नाहीत. प्रक्षेपणतळावरची ती बारकाई पाड्यापर्यंत यायला हवी.