विजोड वाहनांचें सैन्य

बुद्धिबळाच्या पटाच्या चारी कोपऱ्यांत जें मोहरें उभें असतें त्यास आपण हत्ती म्हणतों. इंग्रज त्यास गढीचा आकार देतो, रशियन त्यास नाव म्हणतो, आणि आपले बंगाली बांधवही त्यास नौकाच समजतात. मूळच्या चतुरंगांत तो रथ होता. फारशींत त्याचा रुख झाला, व इंग्रजीतील 'रूक' हा शब्द त्यावरूनच निघालेला आहे. एका वाहनाचीं चाकें गेलीं, कोठें त्यास सोंड फुटली, कोठें शीड चढलें, कोठें तर तें जागचें न हलणारी दगडी भिंत होऊन बसलें. चाल मात्र सरळ रेषेंतली ती सरळ रेषेंतलीच राहिली. युद्धाच्या खेळांत वाहनाचें रूप आणि वाहनाचें काम यांची फारकत किती जुनी आहे, याची याहून चांगली साक्ष मला ठाऊक नाहीं.

हें सर्व मनांत येण्यास निमित्त झालें एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरच्या मेजाचें. विद्यार्थी आतां चाळिशींतला गृहस्थ व व्यवसायानें अभियंता आहे. रविवारीं त्याच्याकडे दोनचार स्नेही जमतात आणि अजून कित्येक हजार वर्षांनीं व्हावयाचें युद्ध दुपारभर खेळतात. मेजावर थर्मोकोलच्या टेकड्या होत्या, पुठ्ठ्याचीं पडकीं घरें होतीं, आणि त्यांमधून अंगठ्याच्या पेराएवढे सैनिक दबा धरून बसले होते. त्यांच्या दिमतीस तीन वाहनें होतीं. एक मुलांच्या खेळण्यांतली यारी असून तिचा हात कापून तेथें तोफ बसविली होती. दुसरा दुसऱ्या महायुद्धांतील जर्मन रणगाड्याचा नमुना होता; पण त्याचे पट्टे काढून टाकल्यामुळें तो जमिनीवर तरंगत चालतो असें समजावयाचें होतें. तिसरी गाडी, जवळ जाऊन पाहतां, काखेस लावावयाच्या सुगंधी द्रव्याची रिकामी डबी निघाली! तिघांस एकच धुळकट हिरवा रंग आणि एकच पांढरें चिन्ह होतें. मला हसूं आलें. मीं विचारलें, "अरे, या डबींत माणसें किती बसतात?" तो म्हणाला, "आठ, सर." "एवढ्याशा दारांतून आठ जण आंत जाणार तरी कसे?" "तें तसें आमचें ठरलें आहे, सर."

त्या 'ठरलें आहे' मध्यें दोनशें वर्षांचा इतिहास सांठलेला आहे, हें मला घरीं येऊन पुस्तकें चाळल्यावर उमगलें.

आधुनिक युद्धखेळाचा उगम प्रशियांत सांपडतो. १८१२ सालीं बॅरन फॉन राइसविट्झ यांनीं राजा तिसरा फ्रीडरिक विल्हेल्म यांस एक मेज अर्पण केलें. त्यावर टेकड्या, नद्या, गांवें यांचे तुकडे हवे तसे मांडून रणभूमि रचतां येत असे. त्यांचा पुत्र तोफखान्यांत अधिकारी होता. त्यानें १८२४ सालीं या खेळास नकाशाची व काटेकोर नियमांची जोड दिली, आणि सेनाप्रमुखांच्या कचेरीचे अध्यक्ष म्युफ्लिंग यांच्या शिफारशीनें तो प्रशियन पलटणींत पसरला. त्याचे मोहरे म्हणजे तांबडे व निळे ठोकळे. ठोकळ्यास ना डोकें, ना घोडा, ना बंदूक. परंतु त्याची लांबी मात्र नकाशाच्या प्रमाणांत त्या पथकाच्या रांगेइतकीच असे. हा मुद्दा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा, कारण पुढें त्याचें काम पडणार आहे. दिसण्याचें साम्य राइसविट्झनें सोडून दिलें. व्यापलेल्या जागेचें साम्य त्यानें प्राणपणानें जपलें.

यानंतर शंभर वर्षांनीं हा खेळ सैनिकी कचेरींतून उठून दिवाणखान्याच्या जमिनीवर आला, तो एच. जी. वेल्स यांच्यामुळें. मंगळावरील स्वारीची कादंबरी लिहिणारा हाच लेखक १९११ सालीं 'फ्लोअर गेम्स' व १९१३ सालीं 'लिटल वॉर्स' हीं छोटीं पुस्तकें लिहितो, आणि त्यांत आपल्या दोन मुलांच्या शिशाच्या सैनिकांची चर्चा एखाद्या राजनीतिज्ञाच्या गांभीर्यानें करितो. ब्रिटन नांवाच्या कारखानदारानें १८९३ पासून पोकळ शिशाचे स्वस्त सैनिक बाजारांत आणले होते. त्यांच्यासोबत स्प्रिंगची एक तोफ येई, ती लांकडाची इंचभर गोळी फेंकी. या तोफेनेंच वेल्स यांचा खेळ सुचविला. शहरें मुलांच्या ठोकळ्यांचीं असत. येथें आकारांचा मेळ जमण्याचा प्रश्नच नव्हता.

परंतु एका गोष्टीचें मला राहून राहून नवल वाटतें. याच वेल्सनीं १९०३ सालीं 'स्ट्रँड' मासिकांत 'दि लँड आयर्नक्लॅड्स' ही गोष्ट लिहून जमिनीवर चालणाऱ्या लोखंडी युद्धनौकांची कल्पना मांडली होती. खरे रणगाडे सोमच्या लढाईंत १५ सप्टेंबर १९१६ रोजीं उतरले, म्हणजे तेरा वर्षांनंतर. पण 'लिटल वॉर्स'च्या नियमांत पायदळ, घोडदळ आणि तोफा एवढेंच आहे. ज्यानें भविष्यांतलें यंत्र सर्वांआधीं पाहिलें, त्याच्या जमिनीवर तें कधीं अवतरलेंच नाहीं. माझा तर्क असा कीं, दुकानांत तसें खेळणें मिळत नव्हतें, आणि बिस्किटाचा डबा उपडा घालून त्यास रणगाडा म्हणावें हें त्या प्रतिभावान गृहस्थासही सुचलें नाहीं. तें सुचण्यास आणखी कांहीं पिढ्या जाव्या लागल्या.

मध्यंतरीं खेळण्यांच्या कारखान्यांनीं जो घोळ घातला तो पाहण्यासारखा आहे. डिंकी नांवाच्या इंग्रजी मोटारी मुळांत खेळण्यांतल्या आगगाडीच्या शोभेसाठीं निघाल्या, म्हणून त्यांचें प्रमाण आगगाडीशीं जुळतें. १९५३ पासून निघालेल्या मॅचबॉक्स गाड्यांचें प्रमाण मात्र पेटीशीं जुळतें! सर्व गाड्या आगपेटीएवढ्या डबींत बसल्या पाहिजेत, म्हणून दुमजली बस व साधी मोटार जवळ जवळ सारख्याच आकाराच्या झाल्या. एअरफिक्सच्या प्लॅस्टिकच्या रणगाड्यांनीं १/७६ चें प्रमाण धरलें, विमानांनीं १/७२ चें, जपानी रणगाड्यांनीं १/३५ चें. इकडे धातूचे सैनिक विकणारे अपूर्णांकांत न बोलतां मिलिमीटरांत बोलत, आणि २५ मिलिमीटरांचा सैनिक हळू हळू २८ चा झाला. तो पायापासून डोळ्यांपर्यंत मोजावयाचा कीं टाळूपर्यंत, याविषयीं आजही एकवाक्यता नाहीं. अशा सैनिकास नेमकी शोभेल अशी गाडी साधारण १/५६ ची हवी. आणि हें प्रमाण मोठ्या कारखान्यांपैकीं फारसें कोणी काढीत नसे.

इतिहासांतील लढाया खेळणाऱ्यांस ही अडचण फार जाचते. टायगर रणगाडा केवढा होता हें त्यांस ठाऊक असतें. तो शेजारच्या शर्मनहून लहान दिसला कीं त्यांचा जीव कासावीस होतो. विज्ञानकथेचा खेळाडू या जाचांतून सुटतो, कारण चाळिसाव्या हजारांतला रणगाडा कोणीच पाहिलेला नाहीं. त्यास एकच गोष्ट उघडी पाडते, ती म्हणजे मनुष्याच्या मापाची खूण. दार, शिडी, झांकण, आसन, हीं दिसलीं कीं डोळा लागलीच हिशेब करितो. म्हणून कुशल खेळाडू प्रथम झांकणें घांसून काढतो व आपल्या सैनिकाच्या मापाचें नवें झांकण चिकटवितो. मग १/३५ ची मोटार अवाढव्य मालवाहू गाडी बनते, आणि १/७२ चें विमान माणसाविना उडणारें यंत्र ठरतें.

याला कोणी अरसिक फसवणूक म्हणेल, तर त्यानें चित्रपट आठवावेत. १९७७ च्या 'स्टार वॉर्स'मधील अंतरिक्षयानांच्या अंगावर जो यंत्रांचा दाट पसारा दिसतो, तो दुकानांतून आणलेल्या रणगाड्यांच्या व तोफांच्या नमुन्यांचे सुटे भाग चिकटवून केलेला आहे. म्हणजे भविष्यकाळाची जी प्रतिमा आपल्या डोळ्यांत ठसली, तीच मुळीं विजोड तुकड्यांची! आणि खरें युद्ध तरी कोठें एकजिनसी असतें? १९४१ सालीं रशियांत शिरलेल्या जर्मन सैन्यांत झेक रणगाडे होते आणि फ्रेंच मालमोटारीही होत्या. न्यूझीलंडमध्यें तर त्याच सुमारास बॉब सेंपल या मंत्र्याच्या पुढाकारानें पट्ट्यांच्या ट्रॅक्टरवर पन्हळी पत्रा ठोकून रणगाडा उभा केला. त्याचें छायाचित्र पाहिलें तर तो माझ्या विद्यार्थ्याच्या मेजावरून उतरून गेला असावा असें वाटतें.

१९८७ सालीं रिक प्रीस्टली यांचें 'वॉरहॅमर ४०,०००: रोग ट्रेडर' हें पुस्तक नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीनें काढलें, तेव्हां त्या जगांत सैनिक होते, पण गाड्या जवळ जवळ नव्हत्या. तेव्हां कंपनीनेंच आपल्या वाचकांस घरगुती उपाय शिकविला. सुगंधी डबीपासून तरंगता रणगाडा करण्याची कृति कंपनीच्याच पानांवर छापून आली. (माझ्या विद्यार्थ्याच्या डबीचें कुळ हें असें थोर आहे.) पुढल्याच वर्षीं कंपनीची पहिली प्लॅस्टिकची चिलखती गाडी बाजारांत आली, मग दुसरी, मग तिसरी, आणि जसजशा गाड्या वाढल्या तसतशी डबीची प्रतिष्ठा घटली. कंपनीच्या दुकानांत व स्पर्धांत कंपनीच्याच प्रतिमा आणाव्यात असा दंडक पडला. जोडभाग विकणाऱ्या चॅप्टरहाउस या छोट्या दुकानदारावर कंपनीनें अमेरिकेंत फिर्याद केली. २०१३ सालीं ज्यूरीनें कांहीं मुद्द्यांवर कंपनीचें म्हणणें मानलें, तर कांहींवर दुकानदाराचें.

व्यापारी आपला माल खपवूं पाहतो यांत पाप नाहीं. परंतु ज्यानें एका पिढीस डबींत रणगाडा पाहावयास शिकविलें त्यानेंच पुढल्या पिढीस तो पाहूं नका म्हणावें, हें मला रुचत नाहीं. इतर नियमकार या वाटेनें गेले नाहींत. जॉन टफ्ली यांच्या 'डर्टसाइड' (दुसरी आवृत्ति, १९९३) व 'स्टारग्रंट' (दुसरी आवृत्ति, १९९६) यांमध्यें वाहन कोणत्या कारखान्याचें आहे हें पाहिलें जात नाहीं. त्याचा आकारवर्ग, चिलखत व शस्त्रें हीं खेळाडूनें कागदावर लिहावयाचीं, आणि तीच त्या वाहनाची ओळख.

आतां उलट बाजूही मांडली पाहिजे. परवां मीं पुन्हां त्या मेजाशीं गेलों, तेव्हां तेथें चक्क भांडण चालू होतें. ती यारी फार उंच; तिच्या आडोशास संपूर्ण तुकडी लपली, आणि प्रतिपक्षाच्या सैनिकाच्या डोळ्याच्या रेषेंतून पाहिलें तर एकही शत्रु दिसेना. उलट ती डबी इतकी बुटकी कीं ती कोणत्याही भिंतीमागें सहज दडे. समोरचा खेळाडू संतापून म्हणाला, "अहो, रूप काय हवें तें घ्या, पण उंचीचा फायदा फुकट घेऊं नका!" त्याचें म्हणणें मला तरी न्यायाचें वाटलें. रूपाची सवलत सर्वांना सारखीच मिळते. जागेची सवलत एकट्यालाच मिळते, आणि तीही दुसऱ्याच्या पदरची.

माझा विद्यार्थी कांहीं न बोलतां उठला. त्यानें जाड पुठ्ठा व कात्री आणली, वाहनांच्या तीन वर्गांसाठीं तीन मापांचे चौकोन कापले, आणि प्रत्येकावर लांबी, रुंदी व उंची पेन्सिलीनें लिहिली. दृष्टीच्या रेषेबद्दल वाद झाला कीं गाडी उचलावयाची, तेथें तिच्या वर्गाचा चौकोन ठेवावयाचा, आणि त्यावर लिहिलेल्या उंचीवरून निकाल द्यावयाचा. मीं त्यास राइसविट्झच्या ठोकळ्यांची हकीकत सांगितली. "असें का, सर?" एवढेंच तो म्हणाला, कारण पाळी त्याची होती, आणि डबींतले आठ जण बाहेर पडण्याच्या तयारींत होते.