उमेदवारीचा हिशेब



मागच्या जून महिन्यातली गोष्ट. आमच्या कॉलेजातून बी. कॉम. झालेला एक मुलगा सकाळीच घरी आला. वडील कोरडवाहू शेती करणारे, घराण्यात पदवीपर्यंत पोचलेला हाच पहिला. सनदी लेखापाल, म्हणजे आपण ज्याला सीए म्हणतो, तो व्हायचे त्याने ठरवले होते. नावनोंदणीचे नि परीक्षेचे सोपस्कार उरकून जिल्ह्याच्या गावी एका हिशेबतपासनिसाच्या कचेरीत तो उमेदवार म्हणून रुजू होणार होता. पण चेहरा उतरलेला. मी म्हटलं, "काय झालं रे?" तर म्हणाला, "सर, पदवी हातात आहे. आणि आता दोन वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली बसून पावत्यांवर खुणा करायच्या? मग कॉलेजात शिकलो ते कशाला?"

मी इतिहासाचा मास्तर. हिशेब हा काही माझा प्रांत नव्हे. आमच्या घरचा जमाखर्चदेखील माझ्या हाती नाही, आणि नाही तेच बरे. पण त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला इतिहासात दिसत होते. त्याला सांगितले ते थोडे व्यवस्थित मांडून आज तुमच्यापुढे ठेवतो. तुमच्यात शिक्षक मंडळी पुष्कळ आहेत. असा एखादा मुलगा किंवा मुलगी तुमच्याही दारात येईलच.

प्रथम 'उमेदवार' हा शब्दच पाहा. फारशीतून आलेला, उमेद धरून बसलेला, आशा लावून राहिलेला, असा त्याचा अर्थ. आज निवडणुकीला उभा राहतो तो उमेदवार. पण इंग्रजी अमलातल्या मामलेदार कचेऱ्यांत उमेदवार म्हणजे बिनपगारी काम करणारा तरुण. कारकुनाच्या शेजारी बसायचे, नकला करायच्या, बेरजा पडताळायच्या आणि एखादी जागा रिकामी होण्याची वाट पाहायची. महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे. पोटाला कोण घालणार? घरचे. म्हणजे ज्याच्या घरी खायला आहे त्यानेच उमेद धरावी!

त्याच्याही मागे जाऊ. पुण्याचे पेशव्यांचे हुजूर दफ्तर ही त्या काळची हिशेबाची केवढी तरी मोठी शाळा होती. नाना फडणिसांच्या अमदानीत तेथे दोनशेहून अधिक कारकून काम करीत. गावोगावचे झाडे, सरंजाम, इनामे, जमेच्या बाजू, खर्चाच्या बाजू, सगळे मोडीत उतरायचे आणि शेवटी साऱ्या मुलखाचा मेळ एका जागी लागायचा. 'ताळेबंद' हा शब्द आपण आज कंपनीच्या अहवालात वाचतो. तो या दफ्तरी परंपरेतला आहे. आता हे शिकवायला काही कॉलेज नव्हते. बापाच्या किंवा चुलत्याच्या मांडीला मांडी लावून मुलगा शिके. खुद्द नानांचेच पाहा ना. जन्म १७४२ चा, वडील जनार्दनपंत १७५६ साली वारले, आणि चौदा वर्षांच्या या पोरावर फडणिशी येऊन पडली. आज त्या वयाचा मुलगा नववीत असतो. हा मुलगा पुढे मराठी राज्याचा हिशेब कवडीकवडीने जाणणारा पुरुष झाला. पण हेही विसरू नका, की फडणिशी त्याच्या घरात होती म्हणूनच ती त्याला शिकता आली. ज्याच्या घरात ती नव्हती, त्या किती पोरांच्या अंगी तशीच बुद्धी असेल! त्यांची नावे कुठल्या दफ्तरात सापडायची?

आपल्याकडे पेशवाई १८१८ त संपली. आजच्या सीएच्या धंद्याची घडण मात्र पुण्यात झाली नाही. ती झाली हजारो कोस दूर, स्कॉटलंडात. एडिंबरोच्या हिशेबनिसांनी १८५४ साली राणीची सनद मिळवली. 'सनदी' हे विशेषण तिथून आले. ग्लासगोच्या मंडळींना पुढच्याच वर्षी तशी सनद मिळाली. त्या दिवसांत त्यांचे बरेचसे काम दिवाळखोरांच्या मालमत्तेचा निकाल लावण्याचे असे. लोकांना यांची खरी गरज कळली ती १८७८ च्या ऑक्टोबरात. त्या महिन्यात 'सिटी ऑफ ग्लासगो बँक' बुडाली. वर्षानुवर्षे खोटे ताळेबंद छापून भागधारकांना लाभांश वाटला जात होता. भागधारकांची जबाबदारी अमर्याद. म्हणजे बँक बुडाली तर तुमचे घर, शेत, भांडी, सारे देण्यापोटी जायचे. भागधारक होते १,८१९. सारे देणे फिटले तेव्हा त्यांपैकी फक्त २५४ जण सावरलेले राहिले. संचालक तुरुंगात गेले खरे, पण घरदार गेलेल्यांना त्याचा काय उपयोग? पुढच्या वर्षी कायदा झाला आणि मर्यादित जबाबदारी पत्करणाऱ्या बँकांना त्रयस्थाकडून हिशेब तपासून घेण्याची सक्ती आली.

आता एवढे विश्वासाचे काम करणारी माणसे तयार कशी करायची? इंग्लंड आणि वेल्समधील हिशेबनिसांच्या संस्थेला १८८० साली सनद मिळाली, तिने जुनाच मार्ग धरला. अनुभवी माणसाच्या कचेरीत पाच वर्षे उमेदवारी. विद्यापीठाचा पदवीधर असेल तर तीन. पाहा, पदवीला मान होता, दोन वर्षांची सूट होती. पण पदवी आहे म्हणून उमेदवारी माफ, असे काही नव्हते. या उमेदवारीचा लेखी करार होई. त्या कराराच्या 'आर्टिकल्स'वरूनच आपल्याकडची मुले 'मी आर्टिकलशिप करतो' असे म्हणतात.

आणि या करारात एक मेख होती. शिकणाऱ्याला पगार नाही, उलट त्यानेच मालकाला पैसे मोजायचे! त्या रकमेला 'प्रीमियम' म्हणत, आणि नावाजलेल्या कचेरीत ती शंभर पौंडांच्याही पुढे जाई. पेशवाईत घराणे लागत होते, इथे थैली लागू लागली. पुढे ही चाल आपल्याकडेही आली.

बरे, एवढे पैसे मोजून शिकायचे काय? हेच, पावत्यांवर खुणा करणे. माझ्या विद्यार्थ्याला ज्याचा कंटाळा आला होता तेच. एक जण मोठ्याने कीर्द वाचतो, दुसरा पावती पाहून रंगीत पेन्सिलीने खूण करतो. तारीख, रक्कम, सही, नाव. शेकडो, हजारो वेळा. यात काय शिकण्यासारखे, असे वाटते. पण या कंटाळवाण्या कामात डोळा तयार होतो. पावती क्रमांक ४१ नंतर ४३ आला, तर ४२ कुठे गेली? रविवारी बँक बंद असताना रक्कम भरली कशी? हा प्रश्न पुस्तक वाचून सुचत नाही.

इथे दोन खटल्यांची हकीकत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पहिली इंग्लंडातली. एका सूतगिरणीचा व्यवस्थापक दर वर्षी शिल्लक सुताचा नि कापसाचा आकडा फुगवून दाखवी. हिशेबतपासनिसांनी त्याच्या दाखल्यावर विश्वास ठेवला, गोदामात जाऊन पाहिले नाही. गिरणी बुडाली, खटला झाला, आणि १८९६ साली न्यायालयाने तपासनिसांना मोकळे सोडले. न्यायमूर्तींचे म्हणणे असे पडले, की तपासनीस हा राखणीचा कुत्रा आहे, माग काढत फिरणारा शिकारी कुत्रा नव्हे. उपमा तुम्हांला लगेच पटेल. राखण करणारा कुत्रा चाहूल लागली तर भुंकतो; चोराच्या मागे रानोरान हिंडत नाही.

पण मला विचाराल तर राखणीचा कुत्रादेखील निदान अंगणात एक फेरी मारतो! ती फेरी न मारल्याचे फळ अमेरिकेला मिळाले. १९३८ साली मॅकेसन अँड रॉबिन्स या औषधांच्या मोठ्या कंपनीचा घोटाळा उघडकीस आला. कंपनीचा मुख्य खोट्या नावाने वावरणारा, पूर्वी शिक्षा भोगलेला माणूस निघाला. सुमारे एकोणीस दशलक्ष डॉलरची मालमत्ता केवळ कागदावर होती. त्यात कॅनडातल्या गोदामांत ठेवलेला म्हणून दाखवलेला औषधी माल मोठा. कागद सारे बिनचूक होते. पावत्या होत्या, सह्या होत्या, बेरजा जुळत होत्या. फक्त गोदामात माल नव्हता, आणि तिथे कोणी गेलेच नव्हते. त्यानंतर १९३९ मध्ये अमेरिकन हिशेबनिसांनी नियम केला, की शिल्लक मालाची मोजदाद होताना तपासनिसाने हजर राहायचे आणि ज्यांच्याकडून येणे आहे त्यांना परस्पर विचारून खात्री करायची. तुमच्या गावच्या सोसायटीच्या गोदामात एखादा पोरगेला तरुण वही घेऊन खताची पोती मोजताना दिसला, तर त्याच्या पाठीमागे ही एवढी कथा आहे बरं का.

आता आपल्या मुलखात येऊ. हिंदुस्थानात १९१३ च्या कंपनी कायद्याने तपासनिसाची पात्रता ठरवली. ब्रिटिश संस्थांच्या सभासदांना सहज मान्यता मिळे. म्हणजे पुन्हा विलायतेचे भाडे ज्याच्या खिशात, त्याचीच सोय. त्याच साली मुंबईत सिडनेहॅम कॉलेज निघाले आणि वाणिज्य हा विषय पदवीच्या पायरीवर चढला. मग १९१८ साली मुंबई सरकारने हिशेबशास्त्राची सरकारी पदविका सुरू केली. लोक तिला जी. डी. ए. म्हणत. परीक्षा द्यायची आणि मान्यताप्राप्त हिशेबतपासनिसाकडे तीन वर्षे उमेदवारी करायची, की देशात राहूनच धंद्याचा पूर्ण परवाना मिळे. माझ्या मते सीएच्या धंद्याचे दार आपल्या माणसांना खऱ्या अर्थाने किलकिले झाले ते इथे. पुढे १९३२ च्या नियमांनी हे काम मध्यवर्ती सरकारकडे गेले.

याच दारातून एक बाई आत आली. मद्रासची आर. शिवभोगम. जन्म १९०७ चा. स्वदेशीच्या चळवळीत पडली, वर्षभर तुरुंगात गेली, आणि बाहेर आल्यावर तिने हिशेबशास्त्राची ही परीक्षा देण्याचा निश्चय पुरा केला. १९३३ साली ती पास झाली. भारतातली या परीक्षेतली पहिली स्त्री. सी. एस. शास्त्री या मद्रासच्या तपासनिसांकडे तिने उमेदवारी केली. विचार करा, त्या काळी परक्या पुरुषांच्या कचेऱ्यांत जाऊन वह्या मागणारी तरुण स्त्री! उमेदवारी झाली, तरी परवाना मिळेना. कारण काय, तर तुरुंगात जाऊन आलेल्याची नोंदणी करायची नाही, असा सरकारी दंडक. दुसरी असती तर घरी बसली असती. ती न्यायालयात गेली, अडथळा दूर करून घेतला आणि १९३७ पासून स्वतःच्या नावाने काम करू लागली. पुढे १९५५ ते १९५८ अशी तीन वर्षे ती सनदी लेखापालांच्या दक्षिण विभागीय मंडळाची अध्यक्ष होती. पदवीधर मुलींना मी ही हकीकत मुद्दाम सांगतो. मुलगे ऐकतात ते ऐकतातच.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली संसदीय कायदा झाला, १ जुलै १९४९ रोजी भारतीय सनदी लेखापालांची संस्था उभी राहिली आणि गो. पा. कापडिया तिचे पहिले अध्यक्ष झाले. विलायती सनदेऐवजी आपल्याच कायद्याने दिलेले नाव माणसे लावू लागली. उमेदवारी राहिली, तिच्या अटी मात्र बदलत गेल्या. १९८८ च्या नियमावलीप्रमाणे उमेदवाराकडून प्रीमियम घेता येत नाही. उलट त्याला दरमहा किमान विद्यावेतन द्यावे लागते, आणि ते शहराच्या वस्तीप्रमाणे कमीजास्त ठरते. २०१२ पासून ठराविक गुण मिळवलेल्या पदवीधरांना पहिली प्रवेशपरीक्षा न देता थेट पुढच्या टप्प्यावर घेतात. आणि २०२३ च्या नव्या योजनेत तीन वर्षांच्या उमेदवारीची दोन वर्षे झाली.

म्हणजे घराण्याची अट गेली, थैलीची गेली. मग सारे सुरळीत झाले का? नाही हो. ते किमान विद्यावेतन आणि मुंबई-पुण्यातले खोलीचे भाडे यांचा ताळेबंद एकदा मांडून पाहा. माझा एक वर्गमित्र होता, गणितात माझ्या चौपट हुशार. शहरात राहायला जागा नाही म्हणून त्याने उमेदवारी अर्ध्यावर सोडली. आज तो गावी किराणा दुकान चालवतो, आणि वर्षअखेरीला अर्ध्या गावाचे हिशेब त्याच्याच ओट्यावर सुटतात. जुन्या काळच्या बिनपगारी उमेदवाराची आठवण मला होते ती अशा वेळी. म्हणून शिक्षकांना माझी एक विनंती आहे. मुलाला 'सीए हो' एवढेच सांगून थांबू नका. राहण्याचे काय, खाण्याचे काय, जिल्ह्याच्या गावातही कचेऱ्या असतात तिथे चौकशी केली का, हे त्याच्याबरोबर बसून पाहा. आणि सगळ्यांनीच सीए व्हावे असेही नाही. सहकारी संस्थांच्या हिशेबतपासणीसाठी आपल्या राज्यात सहकार खात्याची जी. डी. सी. अँड ए. ही पदविका आहे. गावात राहून काम करू इच्छिणाऱ्याला तोही रस्ता आहे.

हे सगळे त्या मुलाला सांगितले तेव्हा तो काही फार बोलला नाही. चहा घेतला आणि गेला. पंधरवड्यानंतर त्याचा फोन आला. पहिल्याच आठवड्यात त्याला एका तेलगिरणीत शिल्लक माल मोजायला पाठवले होते. दिवसभर उन्हात डबे मोजले, बूट तेलाने माखले. म्हणाला, "सर, वहीत होते त्याच्यापेक्षा अकरा डबे कमी भरले. मी पुन्हा मोजले. तरी अकराच कमी."

मी विचारलं, "मग काय केलंस?"

"तिसऱ्यांदा मोजले," तो म्हणाला, "आणि मग साहेबांना सांगितलं."