जमीन, टप्पा आणि हवा : अमेरिकन फुटबॉलमधील किकची कुळकथा

अमेरिकन फुटबॉलमध्ये किकला प्रसंगानुसार अनेक नावे असली, तरी तिचे मूळ प्रकार तीनच आहेत आणि पाय लागतो त्या क्षणी चेंडू कोठे असतो यावर ते ठरतात. जमिनीवर स्थिर ठेवलेला चेंडू मारला की ती ‘प्लेस किक’, हातातून सोडलेला चेंडू टप्पा घेऊन उसळतो न उसळतो तोच मारला की ‘ड्रॉप किक’, आणि जमिनीला टेकण्यापूर्वी अधांतरी मारला की ‘पंट’. ही विभागणी इंग्लंडच्या रग्बी स्कूलमधून आली. तेथील विद्यार्थ्यांनी १८४५ मध्ये लिहिलेल्या नियमांतच खेळाची सुरुवात प्लेस किकनेच व्हावी अशी अट आहे. बॉम्बे जिमखान्यावर रग्बी पाहिलेल्या वाचकाला हे तिन्ही प्रकार आजही एकाच सामन्यात ओळखता येतात.

नेदरलँड्समध्येही हे कूळ पोहोचले होते. तेथील हार्लेम या शहरात पिम मुलिअर या चौदा वर्षांच्या मुलाने १८७९ मध्ये काढलेला एचएफसी हा क्लब प्रथम रग्बीच खेळत असे. १८८३ मध्ये त्याने असोसिएशन फुटबॉल स्वीकारला, आणि पुढे डच मैदानांवर गोल चेंडूचेच राज्य झाले.

योगायोग असा की त्याच १८८३ मध्ये अमेरिकेत किकची प्रतिष्ठा शिखरावर होती. खेळ चालू असताना चेंडू आडव्या दांडीवरून दोन खांबांच्या मधून मारणे म्हणजे ‘फील्ड गोल’, आणि त्याला ५ गुण मिळत. चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेण्याला, म्हणजे ‘टचडाउन’ला, केवळ २, तर त्यानंतरच्या किकला ४. धावून चेंडू पुढे नेणे हे किकचा हक्क मिळवण्याचे साधन मानले जाई, ही रग्बीची जुनी समजूत त्या आकड्यांत स्पष्ट दिसते. पुढे हे माप उलटले: १९०९ मध्ये फील्ड गोल ३ गुणांवर उतरला आणि १९१२ मध्ये टचडाउन ६ गुणांवर चढले.

पंटने गुण मिळत नाहीत, तरीही सामन्याच्या डावपेचांत तिचे वजन मोठे आहे, कारण दहा यार्ड पुढे सरकण्यासाठी संघाला चारच संधी मिळतात आणि तीन वाया गेल्यावर चेंडू प्रतिस्पर्ध्याला जागच्या जागी देण्याऐवजी तो शक्य तितका दूर धाडणेच बहुधा शहाणपणाचे ठरते. याउलट ‘ऑनसाइड किक’ मुद्दाम आखूड मारतात, कारण सुरुवातीच्या किकनंतर चेंडू दहा यार्ड गेला की मारणाऱ्या संघालाही तो पकडता येतो. पिछाडीवरच्या संघाचा हा अखेरचा आधार असतो.

तिन्ही भावंडांपैकी ड्रॉप किक मागे पडली ती चेंडूच्या आकारामुळे. हाताने पुढे फेकण्याचा पास १९०६ मध्ये वैध ठरला आणि १९३४ मध्ये फेकीच्या सोयीसाठी चेंडू अधिक निमुळता झाला. मग त्याच्या टोकाचा टप्पा कोठे उडेल याचा भरवसा उरला नाही. तिन्हींत सर्वाधिक कौशल्य मागणारा हा प्रकार नियमाने बंद न होताही लोपावा, ही या खेळाची खरीखुरी हानी होय. एनएफएल या अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये १९४१ नंतर यशस्वी ड्रॉप किक थेट १ जानेवारी २००६ रोजी डग फ्लूटीने मारली.

प्लेस किकचे रूप मात्र गोल चेंडूच्या खेळाने पालटले. पूर्वी मारणारा सरळ धावत येऊन बुटाच्या चवड्याने चेंडू मारी. हंगेरीतून आलेल्या पीट गोगोलाकने १९६४ मध्ये बफेलो बिल्सकडून तिरक्या धावेने, पावलाच्या वरच्या बाजूने मारण्याची फुटबॉलची पद्धत व्यावसायिक खेळात आणली. पायाचा मोठा भाग चेंडूला लागत असल्याने दिशा आणि अंतर दोन्ही सुधारतात, आणि १९८६ मध्ये मार्क मोझली निवृत्त झाल्यावर एनएफएलमध्ये सरळ मारणारा नियमित किकर उरला नाही. जी लाथ डच मुले लहानपणापासून गिरवतात, तीच अशा रीतीने रग्बीच्या अमेरिकन वंशजाने उचलली. म्हणूनच १९९५ ते २००७ या काळात युरोपीय लीगमध्ये खेळलेल्या अ‍ॅमस्टरडॅम अ‍ॅडमिरल्स या संघात सिल्व्हिओ दिलिबेर्तो या डच खेळाडूला किकरची जागा मिळणे स्वाभाविक होते. त्या लीगमध्ये पन्नास यार्डांपलीकडून साधलेल्या फील्ड गोलला तीनऐवजी चार गुण दिले जात.