ब्लॅनफर्ड बंधू आणि वऱ्हाडचा पाऊस

बुलढाण्याजवळ अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावून मेहकरावरून पूर्वेकडे जाणारी पैनगंगा ज्या खडकावर जन्म घेते तो सर्वस्वी लाव्ह्याचा असून, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या त्या काळ्या पाषाणाने आपल्याखाली काय झाकले आहे याचा पत्ता बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीत लागत नाही; परंतु हीच नदी वऱ्हाड मागे टाकून चांद्याच्या बाजूस वर्धेकडे झुकते तेव्हा त्या आच्छादनाची सीमा संपलेली असते, आणि तिच्या खोऱ्यात इरई गावापाशी जो पुरातन चुनखडक उघडा पडला आहे त्याचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला व समांतर ओरखड्यांनी भरलेला दिसतो. दगडगोटे तळाशी धरून सरकणाऱ्या बर्फाचे हे काम होय. भूगर्भ खात्याचे फ्रान्सिस फेडन यांनी १८७५ साली हा पुरावा प्रसिद्ध केला, तेव्हा उन्हाळ्यात तापून निघणाऱ्या या मुलखावर सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी बर्फाचे राज्य होते, या विलक्षण कल्पनेला भक्कम साक्षीदार मिळाला.

ती कल्पना मात्र फेडनची नव्हे. १८५५ साली विल्यम आणि हेन्री ब्लॅनफर्ड हे दोघे सख्खे भाऊ लंडनहून कलकत्त्यास येऊन भूगर्भ खात्यात रुजू झाले आणि लागलीच ओरिसातील तालचेर संस्थानात कोळशाच्या शोधार्थ पाठविले गेले. तेथे अतिसूक्ष्म गाळात मोठमोठे धोंडे रुतलेले आढळले. संथ पाण्यातच बसू शकणाऱ्या गाळात प्रचंड ओघालाही न पेलणारे पाषाण आले कसे, या कोड्याचे उत्तर त्यांनी व त्यांचे सहकारी विल्यम थिओबाल्ड यांनी ‘बर्फाने आणले’ असे दिले. उष्ण कटिबंधात बर्फ! नोकरीत नुकत्याच लागलेल्या पोरांनी असे विधान दप्तरी दाखल करावे, याला छाती लागते.

थोरले विल्यम पुढे दख्खनभर हिंडले. पुण्याहून अहमदनगर, जालना, लोणार, यवतमाळ, मांगली या मार्गाने हिंगणघाट व नागपूरपर्यंत केलेल्या त्यांच्या प्रवासाची टिपणे खात्याच्या ‘रेकॉर्ड्स’च्या पहिल्याच खंडात आहेत. ज्या लोणारच्या क्षारांचा आणि त्यांपासून होणाऱ्या काच-साबणाचा उल्लेख अबुल फज्लने ‘आईन-इ-अकबरी’त मेहकर सरकारच्या संदर्भात केला, त्याच गावावरून जाणाऱ्या या गृहस्थाला तेथे बर्फाची खूण सापडणे शक्य नव्हते, ती शोधायची तर तेथून पुष्कळ पूर्वेस जावयास हवे होते.

धाकट्या हेन्रीचे आयुष्य निराळ्या वळणाने बर्फाकडे परतले, आणि मला स्वतःला त्याचेच अधिक कौतुक वाटते. प्रकृतीच्या कारणाने १८६२ साली खाते सोडून तो कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात अध्यापक झाला, हवामानाच्या नोंदींत रमला, आणि १८७५ साली हिंदुस्थान सरकारने नव्या हवामान खात्याचे प्रमुखपद त्याच्या हाती दिले. दोनच वर्षांत पावसाने दगा दिला. साऱ्याची तहकुबी, तगाई, दुष्काळी कामे यांच्या ओझ्याखाली वाकलेल्या सरकारला पुढल्या मोसमाचा अंदाज आधी हवा होता. शास्त्राची तहान रयतेच्या कळवळ्याइतकीच जमाबंदीच्या काळजीतूनही लागलेली होती, हे मान्य करावयास हरकत नाही. हेन्रीने नोंदी चाळता चाळता असे ताडले की, हिमालयात हिवाळ्यात व वसंतात बर्फ फार पडला की सूर्याची उष्णता तो वितळविण्यातच खर्च होते, उत्तरेकडील भूमी थंड राहते, वायव्येचे कोरडे वारे जोर धरतात आणि मोसमी पाऊस दबतो. १८८२ ते १८८५ या काळात त्याने प्रायोगिक अंदाज केले, १८८४ साली रॉयल सोसायटीपुढे हा संबंध मांडला, आणि १८८६ च्या जूनपासून भारत व ब्रह्मदेशासाठी रीतसर मोसमी भाकीत सुरू झाले.

इकडे वऱ्हाडात, जळगाव-जामोद तालुक्यातील भेंडवळ गावी याच प्रश्नाचे उत्तर निराळ्या रीतीने शोधले जात होते, आणि आजही शोधले जाते. चंद्रभान महाराज वाघ यांनी सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी घातलेला, असे परंपरा सांगते, तो घटमांडणीचा प्रघात असा: अक्षय्य तृतीयेच्या सायंकाळी शेतात घट आखून त्याभोवती अठरा धान्ये मांडतात, मध्ये पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवून त्यांवर पाण्याची घागर बसवितात, शेजारी पापड, कुरडई, पानसुपारी, आणि दुसऱ्या पहाटे जे हलले, जे भिजले, त्यावरून पीकपाणी सांगतात. कलकत्त्याच्या कचेरीतील तक्ते आणि भेंडवळची ढेकळे यांचा श्रोता मात्र एकच, कोरड्या शेताच्या बांधावर उभा असलेला कुणबी.

तक्त्यांचीही फटफजिती झालीच. हेन्रीचे उत्तराधिकारी जॉन इलियट यांनी अंदाज अधिक पसरट व ठाम केले; १८९९ साठी त्यांनी सरासरीहून अधिक पाऊस सांगितला आणि आला तो विक्रम संवत १९५६ चा, लोकांच्या तोंडी ‘छप्पन्नचा’ म्हणून राहिलेला दुष्काळ, ज्याने वऱ्हाडासही होरपळून काढले. त्यानंतर काही वर्षे भाकीत गोपनीय ठेवून सरकारी अधिकाऱ्यांपुरतेच राखण्यात आले. भेंडवळला अशी सोय नव्हती. तेथे ते चारचौघांत सांगावे लागे.

१९०४ साली आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी एका कारणावर भिस्त न ठेवता जगभरच्या दाबमानांचे गणित मांडले, तरी मे महिन्याच्या अखेरीस हिमालयात साचलेला बर्फ हा त्यांच्या पहिल्या सूत्रातील एक घटक राहिला. पुढे हा संबंध क्षीण झाल्याने बर्फाचे महत्त्व घटले. परंतु पुण्यात जन्मलेल्या वसंत गोवारीकरांनी सहकाऱ्यांसह १९८८ साली सोळा घटकांचे प्रारूप सिद्ध केले, तेव्हा त्यात हिमालयाचे व युरेशियाचे हिमाच्छादन हे दोन घटक पुन्हा आले. त्या प्रारूपाने पुढे बरीच वर्षे निभावून नेले. २००२ च्या अवर्षणाची सूचना मात्र त्याला देता आली नाही, आणि २००३ साली खात्याने नवीन सूत्रे हाती घेतली.