धावेपासून टायरपर्यंत : ठाकुर्ली–कल्याण परिसराच्या संदर्भात जीपची चाके, उंची व नवशिक्या चालकाची निवड – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वाहतुकीच्या इतिहासात रस्ते, घाट, बंदरे आणि लोहमार्ग यांचा विचार विस्ताराने झाला आहे. त्या मानाने चाकाचा घेर, त्यावरील आवरण आणि गाडीची जमिनीपासूनची उंची या बाबी दुर्लक्षित राहिल्या. वास्तविक, कोणत्या भूप्रदेशात कोणती गाडी चालेल हे शेवटी याच तीन बाबी ठरवितात. अलीकडील काळात ठाणे, कल्याण, डोंबिवली, ठाकुर्ली या पट्ट्यातील नोकरदार तरुणांमध्ये चारही चाकांना शक्ती मिळणारी गाडी घेऊन पावसाळ्यात मुरबाड, माळशेज, मलंगगड, बारवी या भागांत जाण्याची आवड वाढलेली दिसते. गाडी घेतल्यावर पहिला प्रश्न हाच असतो की, मोठे टायर बसवावेत की गाडी उंच करून देणारा संच, म्हणजे ज्याला बोलीत ‘लिफ्ट किट’ म्हणतात तो, आधी घ्यावा. हा प्रश्न वरवर हौसेचा वाटतो. परंतु त्याच्याशी चालकाची सुरक्षितता, कायद्याची मर्यादा आणि या भूमीचे स्वरूप हे तिन्ही निगडित आहेत. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

अभ्यासाचे गृहीतक असे : या प्रदेशात गाडीने वाट काढण्याचा प्रश्न प्रामुख्याने चाकाच्या बळावर सुटत आला आहे, गाडीचा सांगाडा उंच करणे हा उपाय नेहमीच दुय्यम राहिला आहे.

ठाकुर्ली परिसराची पार्श्वभूमी

कल्याण हे प्राचीन बंदर. सातवाहन काळात येथील माल नाणेघाटाने जुन्नरकडे चढत असे. घाटमाथ्यावरील लेणे, तेथील नागनिकेचा शिलालेख आणि जकातीचा दगडी रांजण या व्यापाराची साक्ष देतात. घाटात ओझ्याचे बैल आणि सपाटीवर बैलगाडी अशी ही जुनी विभागणी होती. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे आणि १८५४ मध्ये कल्याणपर्यंत लोहमार्ग आला व ठाकुर्लीची भातशेती रुळांच्या दोन्ही बाजूंना विभागली गेली. पुढे १९२० च्या दशकाच्या अखेरीस रेल्वेच्या विद्युतीकरणासाठी चोळे येथे वीजगृह उभे राहिले. आज ते बंद असले तरी ‘पॉवर हाऊस’ ही खूण लोकांच्या तोंडी आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणनजीक मोठी लष्करी छावणी वसली. फाळणीनंतर तिच्या बराकींत सिंधी निर्वासित राहिले आणि १९४९ मध्ये त्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले. नेवाळी येथील धावपट्टीही त्याच युद्धकाळातील. जीप हे वाहन जगाला ज्या युद्धाने दिले, त्या युद्धाच्या खुणा अशा प्रकारे ठाकुर्लीच्या हाकेच्या अंतरावर आहेत.

बैलगाडीचे चाक : पहिला धडा

लोखंडी पट्टी तापवून लाकडी चाकावर चढवितात, तिला मराठीत ‘धाव’ म्हणतात. चाक झिजू नये व आरे सैल होऊ नयेत हे तिचे काम. चाक मोठे असल्यामुळे आस जमिनीपासून उंच राहत असे आणि दगड, बांध, ओढा ओलांडता येत असे. येथे लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, गाडीला उंची मिळत होती ती चाकाच्या त्रिज्येमुळे. साटी कितीही उंच बांधली तरी आस वर जात नाही, उलट भरलेली गाडी कलंडण्याचा धोका मात्र वाढतो. हे गाडीवानाला अनुभवाने ठाऊक होते.

धावेचा दोषही तितकाच स्पष्ट होता. अरुंद लोखंडी पट्टी ओल्या मातीत रुतत असे आणि कच्च्या रस्त्यावर चाकोऱ्या पाडीत असे. १८८८ मध्ये डनलॉपने हवेचा टायर प्रचारात आणल्यानंतर हा दोष दूर करण्याचा मार्ग सापडला. पुढे आपल्याकडे रबरी टायरच्या बैलगाड्या आल्या. त्यांचे चाक लहान होते, म्हणजे आसाची उंची कमी झाली. तरीही बैलांना ओढ हलकी झाली, कारण टायर जमिनीवर अधिक क्षेत्रफळाने टेकतो व खडबडीतपणा स्वतःमध्ये सामावून घेतो. केवळ उंचीपेक्षा जमिनीशी होणारा स्पर्श अधिक महत्त्वाचा, हा दुसरा धडा होय.

जीपचे आगमन व मुंबई परिसर

१९४० मध्ये अमेरिकी लष्कराने हलक्या टेहळणी वाहनाची मागणी नोंदविली. बँटम कंपनीने पहिला नमुना तयार केला आणि प्रचंड उत्पादन केले ते विलिस व फोर्ड यांनी. युद्धकाळात सहा लाखांहून अधिक जीप तयार झाल्या. विलिस जीपच्या पुढील-मागील चाकांतील अंतर ८० इंच, टायर ६.०० × १६ मापाचे म्हणजे आजच्या दृष्टीने अगदी अरुंद, आणि जमिनीपासूनची मोकळी उंची ८.७५ इंच, म्हणजे सुमारे २२२ मिलिमीटर होती. टायरवरील ठोकळ्यांची नक्षी दोन्ही दिशांना सारखीच चालणारी होती.

या जीपचा भारतातील इतिहास मुंबईशी जोडलेला आहे. १९४५ मध्ये पोलाद व्यवसायासाठी स्थापन झालेली महिंद्र अँड महंमद ही कंपनी १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाली. विलिस जीपचे सुटे भाग आणून त्यांची जोडणी माझगाव येथे सुरू झाली. पुढे कांदिवली व नाशिक येथे कारखाने विस्तारले. टायर उद्योगही याच महानगरात वाढला. फायरस्टोनचा कारखाना शिवडीस होता, तर इटलीतील तुरिन येथे उगम असलेल्या सिएटची भारतीय कंपनी १९५८ मध्ये स्थापन होऊन भांडुप येथे तिचा कारखाना उभा राहिला. मध्य रेल्वेने प्रवास करणाऱ्या ठाकुर्लीकराच्या रोजच्या वाटेवरच ही औद्योगिक परंपरा होती.

स्वातंत्र्योत्तर काळात जीप ही शासनाची गाडी झाली. १९५२ मध्ये सुरू झालेली सामूहिक विकास योजना, हिवतापविरोधी मोहीम आणि १९६२ पासूनच्या जिल्हा परिषदा व पंचायत समित्या यांच्या कारभारात ती अपरिहार्य ठरली. त्यानंतर ग्रामीण प्रवासी वाहतुकीत ती ‘काळीपिवळी’ किंवा ‘वडाप’ म्हणून रुजली. या काळात गॅरेजमध्ये जीपवर जे बदल होत, ते उपयुक्ततेतून आलेले होते : जादा भारासाठी मागील कमानीत एखादा पाटा वाढविणे, झिजलेला टायर रिमोल्ड करून घेणे, इत्यादी. पाटा वाढविल्याने गाडी थोडी उचलली जाई, परंतु उद्देश उंचीचा नसून भाराचा होता.

गरजेकडून हौसेकडे

१९८५ मध्ये मारुती जिप्सी, २०१० मध्ये महिंद्रची थार, पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा, २०२० मधील नवी थार आणि २०२३ मधील जिम्नी या क्रमाने जीपचे स्वरूप पालटले. कामाची गाडी सुटीची गाडी झाली. येथे एक तुलना उद्बोधक आहे. २०२० च्या थारची जमिनीपासूनची मोकळी उंची २२६ मिलिमीटर आहे. युद्धकालीन जीपशी तुलना करता आठ दशकांत पडलेला फरक अवघा ४ मिलिमीटरचा ठरतो. अभियंत्यांना अधिक उंची देता आली नसती असे नव्हे. वाट काढणे आणि तोल सांभाळणे यांतील समतोल साधारण याच मापाजवळ साधतो, असा याचा अर्थ लावता येतो.

टायर आणि उंची : तांत्रिक विवेचन

उंची वाढविण्याचे दोन मार्ग आहेत. चेसिस व बॉडी यांच्यामध्ये ठोकळे बसविल्यास केवळ बॉडी वर जाते, चेसिस आहे तेथेच राहते. स्प्रिंग किंवा पाटे बदलल्यास चेसिसही उचलली जाते आणि मोठ्या टायरसाठी जागा होते. परंतु अखंड आसाच्या गाडीत डिफरन्शियलची हौसिंग हा सर्वांत खालचा भाग असतो आणि ती दोन्ही उपायांनी तसूभरही वर जात नाही. तिला वर नेतो तो फक्त टायर.

उदाहरणार्थ, २४५/७५ आर १६ या टायरचा व्यास सुमारे ७७४ मिलिमीटर, तर २६५/७० आर १७ चा सुमारे ८०३ मिलिमीटर भरतो. फरक २९ मिलिमीटरचा असला तरी आसाची उंची त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे १४.५ मिलिमीटर वाढते. त्याची किंमतही चुकवावी लागते : घेर ३.७ टक्के वाढल्याने वेगमापक ताशी ६० किलोमीटर दाखवीत असता प्रत्यक्ष वेग ६२ च्या पुढे असतो. स्टिअरिंग जड होते, ब्रेकवर ताण येतो.

उंचीचा परिणाम तोलावर कसा होतो हे साध्या गणिताने समजते. गाडीच्या डाव्या-उजव्या चाकांतील अंतर १५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ७०० मिलिमीटर आहे असे धरू. अंतराला उंचीच्या दुपटीने भागल्यास १.०७ हे स्थैर्याचे प्रमाण मिळते. गुरुत्वमध्य ५० मिलिमीटरने वर गेल्यास ते १.०० होते, म्हणजे स्थैर्यात सुमारे ७ टक्के घट होते. घाटातील वळणावर किंवा तिरप्या बांधावर नवशिक्या चालकाजवळ नेमकी हीच ७ टक्के जादा नसतात. याशिवाय उंची वाढविताना प्रॉपेलर शाफ्टचा कोन, ब्रेकच्या नळ्यांची लांबी आणि चाकांची रचना यांचाही पुन्हा मेळ घालावा लागतो.

टायरच्या निवडीत भूमीचे स्वरूप निर्णायक आहे. ठाणे जिल्ह्याच्या अंतर्भागात पावसाळ्यात भातखाचरांचा चिकट चिखल आणि डोंगरउतारांवर बेसाल्टचे धारदार दगड असे दुहेरी आव्हान असते. रुंद खाचांचा मड-टेरेन टायर चिखल बाहेर फेकतो, परंतु ओल्या डांबरी रस्त्यावर त्याची पकड कमी व आवाज अधिक. आठवड्याचे पाच-सहा दिवस शीळफाटा किंवा घोडबंदर मार्गावर धावणाऱ्या गाडीस मधल्या प्रकारचा ऑल-टेरेन टायर उचित ठरतो. बाजूची भिंत मजबूत असावी, पाचही टायर एकाच मापाचे असावेत. याहून स्वस्त उपाय म्हणजे हवेचा दाब. कच्च्या वाटेवर दाब १८ ते २० पौंडांपर्यंत उतरविल्यास टायर पसरून पकड वाढते. मात्र वेग अत्यल्प ठेवून डांबरी रस्त्यावर येताच दाब पूर्ववत करणे अनिवार्य आहे. रबरी टायरच्या बैलगाडीने दिलेल्या धड्याचीच ही पुनरावृत्ती होय.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ मध्ये २००० साली झालेल्या दुरुस्तीनुसार उत्पादकाने मुळात निर्दिष्ट केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच भूमिकेवर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अनधिकृत बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड अशी तरतूद झाली. अपघात झाल्यास विम्याच्या दाव्यातही असा बदल अडचणीचा ठरू शकतो. त्यामुळे उत्पादकाने त्या वाहनासाठी मान्य केलेल्या मापांतील टायर निवडणे हाच नवशिक्याचा निर्धोक मार्ग होय.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील बाबी स्पष्ट होतात. पहिली, बैलगाडीपासून थारपर्यंत आसाला उंची देण्याचे काम चाकाने केले आहे, सांगाड्याने नव्हे. दुसरी, गरजेच्या काळात जीपवर झालेले बदल कामापुरते होते. हौसेच्या काळात दिसण्यासाठी होणारे बदल चालकाच्या कौशल्यापुढे धावतात. तिसरी, नवशिक्याने प्रथम मूळ गाडी पूर्णपणे शिकावी, नंतर हवेचा दाब, त्यानंतर मान्य मापातील चांगला टायर, असा क्रम ठेवावा. उंची वाढविण्याचा विचार सर्वांत शेवटी, आणि कायदा मुभा देत असेल तरच करावा.

यात एक सामाजिक प्रश्नही अंतर्भूत आहे. ज्या खाचरांतून व ओढ्यांतून ही वाहने हौसेने नेली जातात, ती कोणाची तरी शेती व पाणी असते. ठाकुर्ली–चोळे परिसरातील भातशेती इमारतींखाली गेली आहे. मुरबाडकडील अद्याप उभी आहे. विकासगटाची जीप त्या बांधापर्यंत जाऊन थांबत असे आणि अधिकारी पुढे पायी जात. कोठे थांबावे हे ठरविणे कोणत्याही टायरला किंवा संचाला शक्य नाही. ते चालकालाच ठरवावे लागते.