चूल घालणारी माणसं

पनवेल हे एके काळी सुतारांचं गाव होतं, असं आज स्टेशनाबाहेर रिक्षांच्या गर्दीत उभं राहून कुणाला सांगितलं तर त्याला खरं वाटायचं नाही. पण होतं. १८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. मुंबईहून जलमार्गाने पनवेलच्या बंदरात उतरायचं आणि पुढे गाडीने घाट चढून पुण्याला जायचं, असा रिवाज पडला. गाड्या म्हटल्या की चाकं आली आणि चाकं म्हटली की सुतार, लोहार आले. ठाणे जिल्ह्याचं १८८२ सालचं गॅझेटिअर पनवेलच्या चाकांच्या धंद्याची दखल घेतं. त्याआधीच, १८६३ साली, रेल्वे बोरघाट चढली होती आणि मुंबई-पुण्याची वाहतूक पनवेलला बगल देऊन निघून गेली होती. तरी सुतार टिकले. पुण्याला जाणारे गेले, पण शेतकऱ्याला गाडी लागतच होती.

आमचं गाव रेल्वेच्या पूर्वेला, गाढी नदीच्या अंगाला. आज त्या सगळ्या भागाला नवीन पनवेल म्हणतात आणि गाव म्हणजे दोन सेक्टरांच्या मध्ये उरलेली चिंचोळी गल्ली. माझ्या लहानपणी तिथे भाताची खाचरं होती. घरातलं लाकडाचं काम, म्हणजे नांगर, गाडीचं जू, दाराची चौकट, स्वयंपाकघरातली भांड्यांची मांडणी, हे सगळं एकच सुतार करायचा. त्याच्या बापाने आमच्या आजोबांचं केलेलं. दुसरा सुतार बोलवावा असं कुणाच्या मनात येत नसे, त्यालाही आमच्या घराला नाही म्हणता येत नसे. देशावरच्या बलुत्याची जी बांधीव घडी त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ च्या ‘गावगाडा’मध्ये मांडून ठेवली आहे, तितकी ती आमच्या कोकणपट्टीत घट्ट नव्हती. तरी झोडणी झाली की सुतार खळ्यावर यायचा आणि त्याच्या वाट्याचं भात घेऊन जायचा, एवढं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

या व्यवहारातली एक गोष्ट मला फार उशिरा उमगली. काम पावसाआधी, मोबदला पावसानंतर. मांडणीचा पाय डगमगला, दार पावसात फुगून बसलं, तर ते खळ्यावरचं माप पडायच्या आत कळायचं. सुतार न बोलावता रंधा घेऊन यायचा. फार चांगला माणूस होता म्हणून नव्हे, त्याचं भात आमच्या खळ्यावर होतं म्हणून. त्या व्यवस्थेचे गोडवे मला गायचे नाहीत. जातीने बांधलेला तो माणूस, पीक बुडालं की त्याचाही वाटा बुडायचा, आणि आपला भाव ठरवायची त्याला मुभा नव्हती. त्याच्या मुलाने हत्यारं टाकून कारखान्यात नोकरी धरली तेव्हा बाबा कुरकुरले होते. मला त्या मुलाचंच बरोबर वाटलं.

पण स्वयंपाकघरातली मुख्य वस्तू सुताराच्या हातची नव्हतीच. चूल बाईच घालायची. माती कुठली आणायची हे तिने ठरवायचं. गाढीकाठची चिकट माती, त्यात भाताचं तूस, शेण, पाणी, आणि पायांनी तुडवणं. चुलीचं तोंड वाऱ्याकडे नको, म्हणून आधी आई दोन दिवस नुसती धूर कुठे जातो ते बघत राहायची. मग माप. टेप नाही, फूटपट्टी नाही. घरातलं सगळ्यात मोठं भाताचं पातेलं पालथं घालून त्याचा घेर, आणि उंचीला तिची वीत. शेजारी वैल, म्हणजे मुख्य जाळावरच दुसरं भांडं रटरटत राहायचं. आठ दिवस वाळवायची, मग पहिला जाळ. तडा गेला तर पोतेरं फिरवायचं. पुरवठा करणारी, बसवणारी आणि वापरणारी एकच बाई होती, तेव्हा तक्रार करायची तरी कुणाकडे?

या चुलीने बायकांचे डोळे आणि छाती खाल्ली, हेही खरं. शहाण्या माणसांना ते दिसत होतं. वर्ध्याच्या मगनवाडीत, जिथे १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं, तिथे धूर बाहेर नेणारी मगन चूल तयार झाली. आमच्याकडे ऐंशीच्या दशकात कुणीतरी तशा सुधारित चुली बसवून गेलं. चार घरांत बसल्या. नळकांडं छपराबाहेर काढलेलं, दोन भांड्यांची दोन ठरलेली भोकं. पण आमचं मोठं पातेलं त्या भोकात बसेना, आणि तांदळाची भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यापाशी उभी करायची तर निखारा आतमध्ये झाकलेला. पहिल्या पावसाळ्यानंतर त्यांवर मिठाची बरणी आणि कांदे दिसू लागले. चूल वाईट नव्हती. ती घालणाऱ्याने पातेलं बघितलं नव्हतं, इतकंच.

युरोपात हेच कोडं दुसऱ्या टोकाकडून सोडवलं गेलं. १९२६ साली मार्गारेटे श्युटं-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन वास्तुविशारद बाईने फ्रँकफुर्टच्या कामगार वसाहतींसाठी स्वयंपाकघर आखलं. रुंदी जेमतेम १.९ मीटर, लांबी ३.४. आगगाडीच्या भोजनडब्यातली रचना तिच्या डोळ्यांसमोर होती, आणि बाईची किती पावलं वाचतील याचा तिने हिशेब मांडला होता. तशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसली. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो त्याची ही आजी. गंमत म्हणजे हे आखलं तेव्हा आपण स्वतः कधी घर चालवलंच नव्हतं, असं त्या बाईनेच पुढे सांगून टाकलं.

आमच्याकडे हा बदल जमिनीच्या वाटेने आला. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या पंचाण्णव गावांच्या जमिनींवर शिक्के पडले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईला आणि दास्तान फाट्याला जे झालं, गोळीबारात जे पाच जण गेले, ते इथल्या कुठल्याही घरात विचारा. त्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत द्यायचं तत्त्व उभं राहिलं. आम्हाला त्या हिशेबात जो प्लॉट मिळाला तो भावकीने मिळून बिल्डरला दिला, आणि बदल्यात प्रत्येकाला फ्लॅट आला. खाचर गेलं, चुलीची माती जिथून यायची ती कड गेली, आणि आई तिसऱ्या मजल्यावर आली.

गॅस त्याआधीच गावात आला होता. मुंबईत बर्मा-शेलने १९५५ पासून सिलिंडर द्यायला सुरुवात केली. आमच्यापर्यंत यायला त्याला तीसेक वर्षं लागली. गॅस म्हणजे नुसतं इंधन बदललं असं लोक समजतात. मला वाटतं, खरी उलथापालथ उंचीची झाली. जन्मभर बसून रांधणारी बाई एका दिवसात उभी राहिली. ओटा आला. गवंड्याने विटांचे पाय उचलले, वर काळा कडप्पा टाकला, कोपऱ्यात मोरी. ओट्याची उंची किती? गवंड्याच्या कमरेएवढी. विचारलं कुणी नाही.

आमच्या फ्लॅटमधला ओटाही तसाच, चौतीस इंचांचा. आई चार फूट नऊ इंच, बायको पाच फुटाला थोडी कमी. वीस-बावीस वर्षं दोघींनी खांदे उचलून भाकऱ्या थापल्या. बायकोचा उजवा खांदा धरला, डॉक्टर म्हणाले ओटा बदला. तेव्हा कुठे नवीन किचन करायचं ठरलं. निवृत्तीच्या पैशांतून, म्हणजे एकदाच होणारं काम.

नवीन पनवेलात किचन करून देणाऱ्यांना तोटा नाही. आम्ही तिघांकडे गेलो. पहिलं एसी शोरूम. मुलाने संगणकावर आमचं स्वयंपाकघर फिरवून दाखवलं, दोन लाख पंच्याऐंशी हजार सांगितले, साठ टक्के आगाऊ. बसवायला कोण येणार विचारलं तर म्हणाला, आमची टीम असते. टीम म्हणजे कोण, ते त्याला सांगता येईना. दुसरा प्लायवूडचा दुकानदार. माल त्याचा, सुतार तुमचा, नाहीतर तो एखाद्याचा नंबर देणार. तिसरा गाळ्यात काम करणारा राजस्थानी मिस्त्री, बारा वर्षं पनवेलात, माल आणि बसवणं दोन्ही त्याच्याकडे, एक लाख ऐंशी हजार.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचं उदाहरण समोर होतं. माल एकाकडून, बसवणारा दुसऱ्याकडून. सिंकखालचं कपाट सहा महिन्यांत फुगलं. मालवाला म्हणे बसवणाऱ्याने कडा सील केल्या नाहीत, बसवणारा म्हणे मालच हलका. दोघांचंही म्हणणं थोडंथोडं खरं असावं, म्हणून तर दोघेही सुटले. पैसे सगळे आधीच गेलेले, आणि बिल कच्चं. पक्कं बिल असतं तर अलिबागला जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता तरी आलं असतं.

आमच्या हवेत प्लायचं नाव काय यापेक्षा तो पाण्यात काय करतो हे महत्त्वाचं. ७१० क्रमांकाच्या भारतीय मानकाचा मरीन प्लाय बहात्तर तास उकळून तपासतात. मी तिघांकडून वीतभर तुकडे मागून आणले, मागे नावं लिहिली आणि जुन्या पातेल्यात दुपारभर उकळले. आई दारात येऊन उभी राहिली. “आता काय लाकरं शिजवून खाणार का रं?” चार वाजता पातेलं उतरवलं. शोरूमचा तुकडा, ज्याला ते इंजिनिअर्ड वूड म्हणत होते, दुप्पट जाड होऊन कडेने भुसा सोडत होता. दुकानदाराच्या स्वस्त तुकड्याचे पदर सुटले होते. मिस्त्रीचा तसाच होता. चार तास म्हणजे बहात्तर नव्हेत, पण मला तेवढं पुरलं. ट्रॉल्यांच्या जाळ्या ३०४ स्टीलच्या घ्यायच्या हेही तेव्हाच ठरलं. २०२ स्वस्त पडतं, पण त्यात निकेल कमी, आणि आमच्या दमट खारट हवेत ते डाग धरतं.

मिस्त्री मापं घ्यायला आला आणि टेप भिंतीला लावून म्हणाला, “चौंतीस इंच, स्टँडर्ड है.” बायकोने त्याला थांबवलं. ती ओट्याशी उभी राहिली, कोपर काटकोनात वाकवलं आणि तिथून खाली वीतभर जागा सोडून भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. एकतीस इंच. शिवाय भाकरीसाठी कडेला दोन फुटांचा तुकडा आणखी चार इंच खाली, कारण तांदळाचं पीठ तळहाताच्या टाचेने दाबून मळायचं असतं, त्याला वरून वजन लागतं. मिस्त्रीने रेघेकडे पाहिलं, मग तिच्या हाताकडे, आणि वहीत लिहून घेतलं. माझा निर्णय तिथेच झाला. शोरूमच्या मुलाने सगळा वेळ माझ्याशी बोलण्यात घालवला होता.

आईची मागणी वेगळी. “मना खाली बसायला जागा पायजे. बाकी तुमी काय पन करा.” विळी मांडून मासळी करायची तर जमीन लागते, आणि हाताशी पाणी. खिडकीखालच्या अडीच फुटांत कपाट करायचं नाही, तिथे लादीला उतार द्यायचा आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर एक नळ, असं ठरलं. म्हणजे काढून टाकलेली मोरी परत आली. मिस्त्री हसला, म्हणाला त्याच्या गावीही आजी असंच मागते. गॅसच्या पाइपला मात्र त्याला हात लावू दिला नाही. ती कपाटाआड बुजवायची नसते आणि हलवायची तर गॅस कंपनीच्याच माणसाने.

उरला पैशांचा प्रश्न, आणि इथे मला आमचा जुना सुतार आठवला. मी मिस्त्रीला म्हटलं, माल दारात आला की बहात्तर हजार, सांगाडे उभे राहिले की चोपन्न, बसवून झालं की छत्तीस. शेवटचे अठरा हजार पावसाळा संपल्यावर. तो चांगलाच वैतागला. असं कुणी देत नाही, म्हणाला. त्याचंही चुकलं नव्हतं. त्याच्यासारख्यांचे असे राहिलेले पैसे लोक बुडवतात, त्याने दोन सोसायट्यांची नावं सांगितली. शेवटी एका कागदावर सगळं लिहिलं, तारखेसह, आणि अठरा हजारांचा चेक पुढची तारीख टाकून सोसायटीच्या सेक्रेटरीकडे ठेवला. त्याला पैसे असल्याची खात्री, मला तो येण्याची.

काम मे महिन्यात झालं. जुलैत सिंकमागची भिंत ओली दिसली, फोन केला, तिसऱ्या दिवशी आला. ऑक्टोबरात पुन्हा आला तो चेकसाठी. दोन दारांच्या बिजागऱ्या आवळल्या, एक ड्रॉवर घासत होता तो सरळ केला, सिलिकॉनची एक फट भरली. आई खिडकीखाली बसून बोंबील साफ करत होती, तिने त्याला चहा करायला सुनेला सांगितलं. चहा पिता पिता तो म्हणाला, समोरच्या सोसायटीत एक काम आलं आहे, त्या बाईंनाही खालचा नळ हवा आहे. आमचा तिला दाखवायला आणला तर चालेल का.