ल्यूसी येणार का?

११ सप्टेंबर १९५३, शुक्रवारची संध्याकाळ. हॉलिवूडमधल्या देसीलू स्टुडिओत, चढत्या बाकांवर तुम्ही कशीबशी जागा पटकावली आहे. 'आय लव्ह ल्यूसी' या विनोदी टीव्ही मालिकेचं चित्रीकरण बघायला तीनेकशे माणसं जमलीत. शेजाऱ्याच्या मांडीवर सायंदैनिक आहे. मालिकेची नायिका ल्यूसील बॉल कम्युनिस्ट असल्याचा भलाथोरला मथळा, तोही लाल शाईत! सिनेटर मॅकार्थीच्या कम्युनिस्टविरोधी मोहिमेच्या या दिवसांत नुसत्या संशयावर भल्याभल्यांची कामं गेलीत. बाई आज बाहेर येईल की नाही, याचीच कुजबुज चालली आहे.

प्रकरण तसं घरगुती. समाजवादी आजोबांचं मन मोडू नये म्हणून १९३६ साली तिनं मतदार नोंदणीत कम्युनिस्ट पक्ष लिहिला होता. गेल्याच आठवड्यात तिनं अमेरिकी संसदेच्या कम्युनिस्टविरोधी चौकशी समितीच्या माणसाला हे सांगून टाकलंय.

समोर बघा, ३५ मिलिमीटरचे तीन कॅमेरे. ही मांडणी 'मेट्रोपोलिस' सिनेमा चित्रित करणाऱ्या कार्ल फ्रॉइंडची. कॅमेऱ्यांना फिरायला जमीन मोकळी राहावी म्हणून दिवे वर टांगलेत. माइक तुमच्या डोक्यावरच आहे, तेव्हा जरा मोकळेपणानं हसा. ते हसू फिल्मवर जाणार आहे. सीबीएस वाहिनीला कार्यक्रम न्यूयॉर्कहून थेट हवा होता. ल्यूसी आणि तिचा नवरा देसी आर्नाझ यांनी हॉलिवूडचा आणि फिल्मचा हट्ट धरला, मानधनात कपात सोसली आणि बदल्यात फिल्मची मालकी पदरात पाडून घेतली. सिनेमात वर्षानुवर्षं दुय्यम भूमिकांत कुजलेल्या बाईचा हा हिशेब मला तिच्या विनोदाइतकाच अफलातून वाटतो.

एरवी देसी आधी येऊन प्रेक्षकांना हसवतो. आज तो गंभीर आहे. ल्यूसी कम्युनिस्ट नाही, कधीच नव्हती, असं तो ठणकावून सांगतो. सगळे उठून टाळ्या वाजवतात, तुम्हीही. मग ती येते. आणि थोड्या वेळानं तीच बाई मैत्रिणीबरोबर कपड्यांचं दुकान विकत घ्यायच्या भानगडीत अशी काही पडते, की शेजाऱ्याचं वर्तमानपत्र बाकाखाली गेलेलं त्याला कळतही नाही.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. शेजाऱ्याला सांगू नका, विश्वास बसायचा नाही. १९५७ साली देसीलू आरकेओ या चित्रपट कंपनीचे स्टुडिओ विकत घेईल. १९३०च्या दशकात ल्यूसी तिथंच करारावरची नटी होती. १९६२ मध्ये, घटस्फोटानंतर, ती देसीचा हिस्साही विकत घेईल आणि कंपनीची प्रमुख होईल. 'स्टार ट्रेक' याच कंपनीतून निघाली.